रांग एकतीस, जागा आठ

शनिवार, १४ ऑक्टोबर

हरलो. कॉटनवूडकडून. २४–२७.

हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून टेरेसानं दोन नाताळांपूर्वी दिलेली ही वही आज कपाटातून काढली. पहिल्या पानावर तिनं लिहून ठेवलंय, "बाबा, मनातलं लिहीत जा." माझ्या मनात काय असायचं? स्कोअर आहे, तो लिहिला.

कॉटनवूड म्हणजे मास्तर तयार करणारं एवढंसं कॉलेज. आज होमकमिंग होतं, जुने विद्यार्थी देशभरातून बायकापोरांना घेऊन येतात तो शनिवार. या दिवसासाठी मुद्दाम शोधून दुबळं कॉलेज बोलावतात, म्हणजे पाहुणे खुशीत परत जातील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नऊ मिनिटं राहिली असताना आमचे ब्रेकमेन, म्हणजे इथल्या विद्यापीठाची फुटबॉल टीम, २४–१० पुढे होते. मी बेचाळीस वर्षं या टीमचे घरचे सामने बघतोय. एवढ्या कमी वेळात एवढं मोठं घर जळालेलं पाहिलं नव्हतं.

का हरलो ते मला माहीत आहे, पण गावात सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितो. आर्डिस उठून गेली म्हणून हरलो.

आर्डिस म्हणजे माझी बायको, एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत. घटस्फोटात तिला घर मिळालं, मला पिकअप आणि डोंगरातली झोपडी. सीझन तिकिटांवर मात्र दोघंही अडून बसलो. जजसाहेब स्वतः ब्रेकमेनवाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "रांग एकतीस, सात नंबर याचा, आठ नंबर तिचा. आता घरी जा दोघं." तेव्हापासून आम्ही घरच्या सामन्याला शेजारी शेजारी बसतो. आमच्या बाजूला अशी आणखी तीन जोडपी आहेत, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. ती दालचिनीचे रोल आणते, मी थर्मासमध्ये चिली आणतो, मांस-राजम्याचं तिखट कालवण. नोव्हेंबरात बाक बर्फासारखा गार पडतो, तेव्हा गुडघ्यांवर एकच ब्लँकेट घेतो. बोलणं फक्त खेळाचं.

आज तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती म्हणाली, "मर्ल, तुला एक सांगायचं होतं."

मी म्हणालो, "थर्ड डाउन आहे गं."

थर्ड डाउनला, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या निर्णायक तिसऱ्या प्रयत्नाला, बोलायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ती पुन्हा मैदानाकडे बघायला लागली. मग मी विसरलो. नऊ मिनिटं राहिली असताना ती उठली. "निघते मी."

"आत्ता?"

"हो."

मी पाय बाजूला घेतले, कारण चेंडू आमच्याकडे होता आणि ती मधे येत होती. एकोणीस वर्षांत ती कधी अशी उठली नाही, गारा पडत होत्या तेव्हासुद्धा नाही. ती जिना उतरून दिसेनाशी झाली आणि पुढच्याच खेळीत आमच्या क्वार्टरबॅकनं, चेंडू फेकणाऱ्या मुख्य पोरानं, तो सरळ त्यांच्या पोराच्या हातात टाकला.

संपल्यावर कुणी उठलं नाही. चाळीस हजार माणसं, आणि खाली पॉपकॉर्नची एक पिशवी वाऱ्यानं सरकली, तिचा आवाज मला ऐकू आला. मला राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही. पार्किंगमध्ये पिकअप चालू न करता बराच वेळ बसून राहिलो.

रविवार, १५ ऑक्टोबर

चर्चमध्ये पाद्र्यानं बायबल उघडलं, समोर बघितलं आणि म्हणाला, "आज फार बोलत नाही." कुणी तक्रार केली नाही.

लॉइड टेग्टमायर आमच्या मागच्या रांगेत बसतो. एकतीस वर्षं त्याचे गुडघे माझ्या पाठीत आहेत. त्याच्या बायकोनं दुपारी नूडल्स आणि मांसाचं गरम भांडं आणून दिलं, वर फडकं बांधून. मयताच्या घरी देतात तसं. "एकटा आहेस, करून खाणार नाहीस," म्हणाली. मी म्हणालो, "अगं, तुझा नवरापण हरलाच आहे ना?" ती म्हणाली, "त्याला आधीच वाढून आलेय. आर्डिसला भेटलास?" मी म्हटलं, तिला कशाला भेटू, पळून गेली ती.

तिनं भांड्यावरचं फडकं सोडून घेतलं आणि गेली. नूडल्सला चव नव्हती. तिच्या हाताला चव असते एरवी.

सोमवार, १६ ऑक्टोबर

चौकातल्या हॉटेलात टीव्ही बंद. वाढणारीनं न विचारता कॉफी ओतली आणि न बोलता गेली. आठ जण बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "वारा सुटलाय." बराच वेळ तेवढंच.

मग लॉइड अर्ज घेऊन आला. कोच हॅलोरनला काढा, असा. "सही कर, मर्ल. तू जुना माणूस आहेस, तुझ्या नावाला वजन आहे."

"माझं वजन चिलीमुळे आहे."

"अरे, चेष्टा करतोस? चौदा पॉइंट पुढे असताना हरणारा कोच आपल्याला पाहिजे का?"

"नको."

"मग कर सही."

केली. पेन हातात असून नसल्यासारखं वाटत होतं. लॉइड तावातावानं पुढच्या टेबलावर गेला. मला त्याचा हेवा वाटला. त्याला निदान काहीतरी वाटतंय.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

सहीनं भागणार नाही, म्हणून विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांना स्वतः पत्र लिहायला बसलो. मी रेल्वेत सिग्नल सांभाळले, चौतीस वर्षं. तक्रारीचं पत्र कसं लिहितात मला माहीत आहे. कच्चा मसुदा इथे उतरवतो:

"महोदय, आपले कोच हॅलोरन हे कोच म्हणून चांगले असतील. पण गरज असते तेव्हा ते नसतात. समोरचा माणूस काही सांगू बघत असतो आणि यांचं लक्ष भलतीकडेच असतं. नऊ मिनिटं राहिली असताना ते काहीच करत नाहीत, नुसते पाय बाजूला घेतात. अशानं माणसं निघून जातात. आणि एकदा गेली की"

इथे अडकलो. पाय बाजूला घेतात हे कुठून आलं कळेना. कोच तर उभाच असतो. उद्या नीट करीन.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

पत्र तसंच आहे.

टेरेसाचा ओरेगनहून फोन. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, तरी सांत्वन करायला केलाय असं वाटून बरं वाटलं. मी तिला चौथा क्वार्टर सगळा समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाबा, आईनं सांगितलं का तुला?"

"काय?"

"म्हणजे नाही सांगितलं."

"जागा बदलायची असेल तिला. पश्चिमेच्या बाजूला. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मागे कुरकुरत होती."

"बाबा, तूच फोन कर तिला."

"शनिवारी भेटेलच की. नाही, या शनिवारी सामना बाहेरगावी आहे. त्याच्या पुढच्या."

टेरेसानं फोन ठेवला तो जरा आपटूनच. आईवर गेलीय.

शनिवार, २१ ऑक्टोबर

बाहेरगावी. हरलो, ७–३१. टीव्हीवर बघितलं. मधेच दूध आणायला जाऊन आलो, दोन टचडाउन चुकले, काही बिघडलं नाही.

चिली एकट्यापुरती करता येत नाही. पातेलंभर उरली.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

तिकीट कार्यालयाचं पत्र आलं. कोर्टानं जागा वाटून दिल्या, तरी त्यांच्याकडे खातं एकच राहिलंय, त्यामुळे त्यांची सगळी पत्रं माझ्याकडे येतात. "सौ. आर्डिस वोंद्रा यांनी रांग ३१, जागा ८ सोडत असल्याचं कळवलं आहे. सहधारक म्हणून आपण १० नोव्हेंबरपर्यंत समक्ष येऊन सही करावी."

तीनदा वाचलं. मग कळलं, सामन्यातून उठून गेली ती नुसती उठून गेली नव्हती. एका हरण्यावरून टीम सोडली! ९६ साली आम्ही सलग नऊ हरलो होतो, तेव्हा कुणी सोडली? पावसात चार हजार माणसं होती, त्यांतले दोघं आम्ही.

उद्या जाऊन तोंडावर विचारणार.

बुधवार, २५ ऑक्टोबर

गेलो. दारात पाटी लागलीय, घर विकलं गेल्याची. मला कुणी बोललं नाही. म्हणजे गावाला माहीत होतं आणि मला नव्हतं.

आर्डिस स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसली होती आणि बशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी एकेकाळी या घरात राहायचो, त्यामुळे नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलो. खुर्ची नव्हती.

"पेटीवर बस," ती म्हणाली. "त्या पेटीवर नको, तिच्यात काच आहे."

तिच्या हातातल्या कागदावर आमच्या सामन्याची बातमी होती. क्वार्टरबॅकच्या फोटोत तिनं सॉसची वाटी गुंडाळली. मी मान तिरकी करून वाचायला लागलो.

"मर्ल, वाचायला आलायस का?"

"हे काय चाललंय?"

"टेरेसाकडे जातेय. ओरेगनला. कायमची. गुडघे गेलेत, जिने चढवत नाहीत. तिच्याकडे खाली एक खोली आहे, समोर झाडं आहेत."

"कधी?"

"आठ तारखेला."

"आणि टीम?"

तिनं वाटी खाली ठेवली. "मी टीम सोडत नाहीये, मर्ल."

"मग जागा सोडल्याचं पत्र काय खोटं आहे? अगं, यंदा वाईट आहे मान्य. पण पुढच्या वर्षी टेक्सासहून तो नवा मुलगा येतोय, लॉइड म्हणतो त्याचा हात म्हणजे..."

"मला फुटबॉल कधीच आवडला नाही."

मला वाटलं, रागानं बोलतेय. पण ती रागावली नव्हती. साखर संपली म्हणून सांगावं तशी बोलत होती.

"कधीच?"

"कधीच. नियमही नीट माहीत नाहीत. तू ओरडलास की मी ओरडायचे."

"मग कोर्टात त्या जागेसाठी का भांडलीस? माझ्या वकिलानं तुला डोंगरातली झोपडी देऊ केली होती! ती सोडलीस आणि बाक घेतलास!"

"हो."

"का पण?"

"तूच शोध," ती म्हणाली. "मी सांगायला गेले की थर्ड डाउन येतो."

मग तिनं मला एक पेटी धरायला लावली आणि चिकटपट्टी मारली. अशा चार झाल्या. निघताना मी म्हणालो, दिवाणखान्यातली खिडकी अजून अडकते, विकत घेणाऱ्यांना सांग. ती म्हणाली, सांगितलंय.

गाडीत विचार केला. माझी जिरवायला भांडली असणार. पण एखाद्याची जिरवायला कुणी एकोणीस वर्षं ॲल्युमिनियमच्या बाकावर गारठत बसतं का? एखादा हंगाम बसेल, फार तर दोन. काही जुळत नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर

जिंकलो. ३८–६.

आर्डिस आली नाही, पेट्या भरतेय. कुणी आठ नंबरवर सरकू नये म्हणून मी तिथे थर्मास ठेवला. टचडाउन झाला की मैदानातलं रेल्वे इंजिन शिट्टी देतं, ती पाचदा वाजली. एरवी त्या शिट्टीनं माझ्या अंगावर काटा येतो, मी आयुष्यभर शिट्ट्या ऐकल्या असूनही. आज काट्याचा पत्ता नाही. दुसऱ्याच्या घरातला रेडिओ भिंतीआडून ऐकू यावा तसं सगळं.

लॉइडनं पाठीत गुद्दा घातला. "अरे जिंकलो ना! बत्तीसनी!"

मी म्हणालो, "हो का."

"बरा आहेस ना तू?"

"सर्दी होणार असं वाटतंय."

"सर्दी नाही ती," लॉइड म्हणाला, पण काय आहे ते त्यानं सांगितलं नाही. पुढे वाकून हळूच म्हणाला, "तू सांगितलास त्या तिकिटाच्या कागदावर सही करून टाक. तिकीटवाल्यांच्या खात्यात तुम्ही अजून नवरा-बायकोच आहात. घटस्फोटाचं बोलला नाहीस तर आठ नंबर तुझाच. कोण विचारतंय?"

हे मला सुचलं नव्हतं. दोन्ही जागा माझ्या. थर्मासला कायमची जागा. बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

हॅलोरनला काढलं. गाव खूश. हॉटेलात टीव्ही पुन्हा लागला. क्रीडाप्रमुखांना लिहायचं पत्र फाडलं, आता गरज नाही. फाडण्याआधी वाचलं. "आणि एकदा गेली की" यापुढे काय लिहायचं होतं ते आजही सुचलं नाही.

दोनदा आर्डिसच्या घरावरून गेलो. दोन्ही वेळा काम होतं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

सकाळी सातला गेलो. सामान काल ट्रकनं गेलं. तिची गाडी अंगणात सुरू करून ठेवलेली, गरम व्हायला. काचांवर दव गोठलं होतं, ते मी खरवडून काढलं. ती दाराला कुलूप लावून आली आणि किल्ली टपालपेटीत टाकली. आम्ही सव्वीस वर्षांचे असताना ती टपालपेटी मी बसवली होती, आणि वाकडी बसवली होती. अजून वाकडीच आहे.

"मी दोन आठवडे विचार केला," मी म्हणालो. "तू जागेसाठी का भांडलीस त्याचा."

"मग?"

"मला वाटतं, सवय."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. गाडीत बसली. पट्टा लावला आणि काच खाली केली. एवढी थंडी असताना काच खाली कशाला करायची? मी जवळ गेलो. ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे पाण्यानं भरले होते, वाऱ्यानं.

"वाटेत वायोमिंगमध्ये टायरची हवा बघ," मी म्हणालो. "थंडीत कमी होते."

"बघते."

इंजिन चालू होतं, तरी ती निघाली नाही.

"बाकी काही, मर्ल?"

खूप होतं. पण त्यातलं काही शब्दांत येईना. मी म्हणालो, "काचेवर मारायचं पाणी भर. न गोठणारं."

"भरते," ती म्हणाली.

काच वर गेली. गाडी रस्त्याच्या टोकाला डावीकडे वळली. मी अंगणात उभा राहिलो. शेजारीण दूध आत घ्यायला आली होती, ती म्हणाली, "आत या मिस्टर वोंद्रा, हात निळे पडलेत." पाहिले तर खरंच निळे होते. मला काही जाणवत नव्हतं.

घरी आल्यावर हात गरम पाण्यात धरले. दुखायला लागले तेव्हा एकदम कळलं. ती माझ्यासाठी बसायची. खेळासाठी नाही, जिरवायलाही नाही, सवयीनंही नाही. कोर्टानं तोडल्यावर माझ्याशेजारी बसायची तेवढी एकच जागा तिला उरली होती, आणि ती तिनं भांडून घेतली. सगळ्यांना माहीत होतं. लॉइडला, त्याच्या बायकोला, टेरेसाला. जजलासुद्धा कळलं असेल. मीच तेवढा समोर बघत होतो.

फोन केला नाही. ती गाडी चालवत असेल.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

शेवटचा दिवस, म्हणून तिकीट कार्यालयात गेलो. रांग नव्हती. खिडकीत एक मुलगी, नखंसुद्धा ब्रेकमेनच्या तपकिरी-लाल रंगाची. तिनं खातं उघडलं.

"मिसेसची सही झालेली आहे, सर. तुम्ही इथे केलीत की आठ नंबर आपोआप तुमच्या नावावर. नवरा-बायकोत काही प्रश्नच नसतो."

"आणि नवरा-बायको नसले तर?"

"मग जागा प्रतीक्षायादीत जाते. पुढच्या माणसाला मिळते. पण तुमचं तर..." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, नातं: पत्नी."

खरंच तसं लिहिलं होतं. खाली आर्डिसची सही होती. आर्डिस वोंद्रा. माझंच आडनाव. एकोणीस वर्षांत तिनं ते बदललं नाही आणि माझ्या कधी लक्षातही आलं नाही. मी पेन हातात घेतलं. एक सही केली की जागा माझी. पण रिकाम्या जागेशेजारी बसून जिंकलं की कसं वाटतं, ते मी अठ्ठावीस तारखेला पाहिलंय. आणि त्या मुलीशी खोटं बोललो असतो तर आर्डिसच्या सहीसमोर बोललो असतो.

"आम्ही नवरा-बायको नाही," मी म्हणालो. "घटस्फोट झालाय आमचा."

हे मी स्टेडियमच्या आवारात पहिल्यांदाच बोललो. मुलीचे हात कीबोर्डवर थांबले.

"अरेरे. मला माहीत नव्हतं, सर. मग मला इथे तारीख टाकावी लागेल. कधी झाला?"

तारीख मला पाठ आहे, बावीस एप्रिल, गुरुवार होता, सकाळचं कोर्ट. सांगायला तोंड उघडलं.

"परवा," मी म्हणालो. "बुधवारी."

तिनं तारीख टाकली. मग वर बघून हळू आवाजात म्हणाली, "फार वाईट वाटलं ऐकून."

"हो," मी म्हणालो. "मलापण."